शेजारच्या राऊटरशी पाळी कशी जुळवायची?

रात्री साडेनऊच्या सुमारास सिडको-हडकोतल्या कुठल्याही गल्लीत तक्रार एकच असते. प्लॅन शंभर एमबीपीएसचा, फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या, तरी व्हिडिओ अडकतो. मग नेटवाल्याला फोन जातो, प्लॅन वाढतो, महिन्याचा खर्च वाढतो आणि दुखणं तसंच राहतं. कारण पुष्कळदा अडचण तारेत नसते, हवेत असते. इथली रो-हाऊसेस भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एका खोलीत बसून दहा-पंधरा राऊटरांची नावं दिसतात. ते सगळे एकाच हवेतून बोलतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं.

भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर मोटारीची पाळी ठरलेली नसेल, तर विहिरीत पाणी असूनही कुणाचं रान धड भिजत नाही, आणि एकाने मोठी मोटार बसवली तर भांडण तेवढं वाढतं. वाय-फायचं नेमकं तसंच आहे. पाळी जुळवायला पैसे फारसे लागत नाहीत. शेजाऱ्यांशी बोलणं आणि राऊटरच्या चार सेटिंग बदलणं लागतं. घरं, सोसायट्या, अभ्यासिका, वसतिगृहं आणि वाळूज-शेंद्र्यातले छोटे कारखाने या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने ते पुढे दिलं आहे.

राऊटर पाळी कशी लावतात

वाय-फायमध्ये पाळी लावून देणारा मुकादम नसतो. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. हवा साधारण ३४ मायक्रोसेकंद शांत राहिली, की ते ० ते १५ मधला एखादा आकडा निवडतं आणि ९-९ मायक्रोसेकंदांचे तेवढे टप्पे मोजतं. मोजणी संपेपर्यंत दुसरं कुणी बोललं नाही, तर आपला निरोप पाठवतं. समोरून पोच आली नाही तर धडक झाली असं समजतं आणि पुढच्या वेळी आकड्याची मर्यादा जवळपास दुप्पट करतं: ३१, ६३, असं करत १०२३ पर्यंत.

ही व्यवस्था चांगली आहे, पण ती ऐकू येण्यावर उभी आहे. आपल्याच चॅनलवरचं बोलणं उणे ८२ डीबीएम इतकं क्षीण असलं तरी राऊटरला ओळखता येतं आणि तो थांबतो. चॅनल अर्धवट एकमेकांवर चढलेले असतील, तर मात्र शेजाऱ्याचं बोलणं त्याला उलगडत नाही, नुसती गडबड वाटते. आणि ती गडबड उणे ६२ डीबीएमइतकी, म्हणजे शंभरपट तगडी होईपर्यंत तो थांबतच नाही. दोघं एकमेकांवर बोलत राहतात आणि दोघांचेही निरोप वाया जातात.

म्हणून साऱ्या मार्गदर्शनाचं सूत्र एवढंच: ज्यांना एक चॅनल वाटून घ्यायचा आहे, ते नेमक्या त्याच चॅनलवर असावेत आणि त्यांना एकमेकांचं ऐकू यावं, बाकीच्यांचे चॅनल पूर्ण वेगळे असावेत. अधलीमधली स्थिती सर्वांत वाईट.

पायरी १: दुखणं हवेत आहे की तारेत, ते आधी तपासा

स्पीड टेस्टवर विसंबू नका. फोनवर पिंगचं साधं ॲप घ्या आणि आपल्याच राऊटरला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा. त्याचा पत्ता राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हे गर्दीच्या वेळी, रात्री नऊ ते अकरात करा. राऊटरपर्यंतचा पिंग सतत काही मिलिसेकंदांतच राहिला आणि तरी नेट रडत असेल, तर नेटवाल्याला बोलवा. पिंग ३ वरून १५०, पुन्हा ५ आणि मग २०० असा उड्या मारत असेल, तर हवेतली पाळी बिघडली आहे. हे आकडे लिहून ठेवा. शेवटी पुन्हा लागतील.

पायरी २: हवेतली हजेरी घ्या

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारातलं एखादं मोफत ॲप घ्या. आयफोनवर अशी ॲप पूर्ण माहिती दाखवत नाहीत, म्हणून घरातला एखादा अँड्रॉइड शोधा. प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि गच्चीवर उभं राहून तीन गोष्टी वहीत उतरवा: राऊटरचं नाव, चॅनल आणि सिग्नल. सिग्नल उणे आकड्यात असतो; उणे ४५ म्हणजे अगदी जवळचा, उणे ८५ म्हणजे जेमतेम पोचणारा.

समजा, तीन मजली इमारतीत सहा फ्लॅट आहेत. वहीत २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल असे निघाले: ६, ६, ३, ९, ६, ८. यातले ३, ८ आणि ९ हे खरे त्रासदायक. ते ६ शी अर्धवट चढलेले आहेत, म्हणून कुणाच्याच पाळीत बसत नाहीत.

पायरी ३: १, ६ आणि ११ वाटून घ्या

२.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल दिसत असले, तरी ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वाय-फायला जागा लागते निदान २० मेगाहर्ट्झची. सुटसुटीत बसतात ते तीनच: १, ६ आणि ११. वरच्या सहा फ्लॅटमध्ये प्रत्येक चॅनल दोघांकडे जाईल. वाटणी अशी करा की वर-खाली आणि शेजारी-शेजारी असलेल्या घरांचे चॅनल वेगळे पडतील. त्याच वेळी 'चॅनल विड्थ' २० मेगाहर्ट्झवर आणा. ४० वर ठेवणारं एक घर तीनपैकी दोन वाटे एकटंच गिळतं.

चॅनल 'ऑटो'वर सोडू नका. लाईट जाऊन आली की इन्व्हर्टरवर नसलेले सगळे राऊटर एकदमच सुरू होतात. त्या क्षणी प्रत्येकाला हवा मोकळी दिसते, बरेच जण एकाच चॅनलवर जाऊन बसतात आणि काही तर पुढच्या वेळी लाईट जाईपर्यंत तिथून हलत नाहीत. हाताने ठरवलेला चॅनल लाईट आल्यावरही तोच राहतो.

पायरी ४: उगाच होणारी हाकाटी कमी करा

कुणी नेट वापरत नसलं, तरी प्रत्येक राऊटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपलं नाव पुकारतो. जुन्या यंत्रांसाठी ही पुकार १ एमबीपीएस या सर्वांत संथ गतीने होते. सुमारे ३०० बाइटची एक पुकार म्हणजे साधारण २.६ मिलिसेकंद, हवेतला अडीच टक्के वेळ एकट्या नावापायी गेला.

आता आपल्या इमारतीचा हिशेब करू. सहा घरं, प्रत्येकाचं स्वतःचं एक आणि पाहुण्यांसाठीचं एक, अशी बारा नावं. सगळी चॅनल ६ वर असतील, तर ३० टक्के वेळ नुसत्या हाकाटीत संपतो. १, ६, ११ अशी वाटणी केली की प्रत्येक चॅनलवर चार नावं उरतात: १० टक्के. पाहुण्यांचं नाव बंद ठेवलं, लागेल तेव्हाच चालू केलं: ५ टक्के. राऊटरमध्ये '८०२.११बी' बंद करून किमान गती ६ एमबीपीएस केली, तर एक पुकार अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटपते आणि खर्च एक टक्क्याच्या आसपास येतो. एकही रुपया न खर्चता तीसवरून एकवर आलो. फक्त त्याआधी घरातला जुना प्रिंटर किंवा एखादं जुनाट यंत्र बी-प्रकारावरच चालत नाही ना, ते पाहून घ्या.

पायरी ५: ताकद कमी करा, राऊटर घराच्या मध्यावर आणा

राऊटरची ताकद पूर्ण ठेवली की आपला आवाज चार घरं पलीकडे जातो आणि त्या चारही घरांना आपल्यासाठी थांबावं लागतं. फायदा मात्र काहीच नाही, कारण फोनचा स्वतःचा आवाज राऊटरइतका मोठा नसतो. राऊटर कितीही ओरडला तरी फोनचं उत्तर तेवढंच क्षीण येतं. राऊटर खिडकीतून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. मग ताकद मध्यमवर आणून घरभर फिरा. सर्वांत लांबच्या खोलीत उणे ६५ ते ६७ मिळत असेल, तर तेवढी पुरे.

पायरी ६: जमेल तेवढं ५ गिगाहर्ट्झवर, आणि त्याहून जास्त केबलवर

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले केले. इथे जागा भरपूर आहे आणि स्लॅब व भिंतींतून या लहरी कमी जातात, हे दाट वस्तीत वरदानच. ३६, ४०, ४४, ४८ आणि १४९, १५३, १५७, १६१, १६५ असे नऊ चॅनल बहुतेक राऊटरांत मिळतात. ८० मेगाहर्ट्झची रुंदी ठेवली तर यातून दोनच वाटे पडतात. ४० ठेवली तर चार. दाट इमारतीत ४० च ठेवा. ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलांवर रडारला मान द्यावा लागतो. ते निवडल्यावर राऊटर निदान मिनिटभर नुसता ऐकत बसला, तर तो बिघडलेला नाही.

टीव्ही, टेबलावरचा संगणक आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांना लॅन केबल लावा. केबलवर गेलेलं प्रत्येक यंत्र हवेतली एक पाळी मोकळी करतं. अभ्यासिका आणि वसतिगृहांनी तर रिपीटर बसवूच नयेत. साधा रिपीटर तोच निरोप त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा बोलतो आणि वेग निम्म्यावर येतो. प्रत्येक दालनापर्यंत केबल ओढून तिथे कमी ताकदीचा वेगळा ॲक्सेस पॉइंट लावणं हाच टिकाऊ मार्ग.

पायरी ७: घड्याळाचीही वाटणी करा

फोटोंचा बॅकअप, गेमचे आणि लॅपटॉपचे अपडेट पहाटे दोन ते पाचमध्ये लावा. दोन घरं एकाच चॅनलवर असतील, तर एकाने दोन ते साडेतीन, दुसऱ्याने साडेतीन ते पाच. दहावी-बारावीच्या, ऑनलाइन परीक्षांच्या दिवसांत तर हे सोसायटीच्या फलकावरच लिहा.

वेळ वाटून घेऊनही एक अडचण उरू शकते. कधी पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे राऊटर एकाच चॅनलवर असतात, पण त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. मधल्या मजल्यावरच्या फोनला मात्र दोन्ही ऐकू येतात आणि नेमक्या त्याच्याशी धडका होतात. अशा वेळी एकाचा चॅनल बदला. ते शक्य नसेल तर राऊटरमधली 'आरटीएस थ्रेशोल्ड' २३४७ वरून ५०० च्या आसपास आणा. मग यंत्र मोठा निरोप पाठवण्याआधी परवानगी मागतं आणि ती परवानगी आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाते.

गच्चीवरच्या अँटेना असतील तर

कारखान्याच्या दोन शेडमध्ये किंवा शेतघरापर्यंत नेट नेताना एकाच मनोऱ्यावर दोन-तीन अँटेना येतात. इथे ऐकून थांबण्याची पद्धत अपुरी पडते. एक अँटेना बोलत असताना शेजारची ऐकत असेल, तर तिचे कान बधिर होतात. यावरचा उपाय भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या संशोधकांनी २००५ मध्ये '२पी' या पद्धतीतून मांडला; दोघं पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. उपाय असा: मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचं आणि मग एकदम ऐकायचं. आज जीपीएसवर वेळ जुळवणारी व्यावसायिक रेडिओ यंत्रं याच तत्त्वावर चालतात. ती बसवताना चार गोष्टी सगळ्यांच्या सारख्या हव्यात:

१. वेळेचा स्रोत एकच, म्हणजे जीपीएस. रेडिओला उघडं आकाश दिसलं पाहिजे.

२. चक्राची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या एका फेरीची, लांबी एकच: सगळे ५ मिलिसेकंदांवर किंवा सगळे अडीचवर.

३. पाठवणं आणि घेणं यांचं प्रमाण एकच, उदाहरणार्थ ७५:२५. एकानेही ५०:५० ठेवलं, तर दर चक्रात काही काळ तो इतरांच्या कानाशी ओरडतो.

४. अंतराची मर्यादा एकच, आणि ती सर्वांत लांबच्या टोकाची. लहरींना दर किलोमीटरला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. क्रांती चौकापासून दौलताबादचा किल्ला सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर. जायला ४७ मायक्रोसेकंद आणि यायला तेवढेच. मघाशी पाहिलेला वाय-फायचा टप्पा ९ मायक्रोसेकंदांचा होता, हे लक्षात घेतलं की साध्या वाय-फाय लिंकमध्येही 'डिस्टन्स' ही सेटिंग का भरावी लागते ते कळेल. ती चुकली तर पोच पोचण्याआधीच यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवतं.

बाहेर लावायची यंत्रं ईटीए, म्हणजे यंत्रप्रकाराची सरकारी मंजुरी, असलेलीच घ्या आणि शक्तीची मर्यादा पाळा. शेजारच्या गच्चीवर दुसऱ्या कुणाची अँटेना दिसली, तर आपला चॅनल, चक्र आणि प्रमाण त्यांना कळवा, त्यांचं विचारून घ्या.

नवा राऊटर घेतला म्हणून सुटका आहे का?

थोडीफार. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाय-फाय ६ च्या प्रमाणकात प्रत्येक राऊटरच्या बोलण्याला एक खूण असते. दूरच्या राऊटरची खूण दिसली तर ठरावीक मर्यादेत न थांबता बोलता येतं. शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांनी आपापसात वेळ वाटून घेण्याची सोय येऊ घातलेल्या पिढीत, म्हणजे ८०२.११बीएन या प्रमाणकात आकार घेते आहे. ते २०२८ च्या सुमारास पूर्ण होणं अपेक्षित आहे. पण वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, जुने-नवे राऊटर एकत्र नांदत असतील तिथे चॅनलची वाटणी तेव्हाही माणसांनाच करावी लागेल.

म्हणून येत्या रविवारी सोसायटीची अर्ध्या तासाची बैठक घ्या. पायरी २ मधली वही मध्ये ठेवा, फ्लॅटनिहाय चॅनल, रुंदी आणि ताकद ठरवा, आणि तो तक्ता पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावा. नवा भाडेकरू आला की गेटच्या किल्लीबरोबर त्याचा चॅनलही सांगा. आठवडाभराने पुन्हा रात्री नऊ ते अकरात प्रत्येकाने राऊटरला पिंग करावा आणि पहिल्या आकड्यांशेजारी नवे लिहावेत. ज्या घराचे आकडे सुधारले नसतील, त्याचा चॅनल आधी बदलून पाहा. प्लॅन वाढवण्याचा विचार त्यानंतर.