पिठांतील भुंगेऱ्याची मातृवंशावळ

जुनें पीठ चाळतांना चाळणींत तीन-चार मिलिमीटर लांबीचा तांबूस किडा पुष्कळ वेळां सांपडतो. हाच पिठांतील तांबडा भुंगेरा; शास्त्रीय नांव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. आपण त्यास झटकून टाकितों; शास्त्रज्ञांनीं मात्र त्याच्या पेशींतील एक लहानशी पोथी अक्षरशः वाचून काढिली आहे.

अन्नांतील शक्ति पेशीस वापरण्याजोगी करून देणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, ह्यांच्याजवळ डीएनएचें स्वतंत्र, वर्तुळाकार कडें असतें. तें बहुधा केवळ मातेकडून संततीस मिळतें. त्यांतील मजकूर अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन ह्या चारच अक्षरांत लिहिलेला असतो.

तो वाचावा कसा? प्रथम किड्याच्या शरीरांतून डीएनए वेगळें काढितात. मग कड्याच्या निरनिराळ्या भागांच्या असंख्य प्रती तयार करितात व फ्रेडरिक सँगर ह्यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें अक्षरांचा क्रम ठरवितात. एका वेळीं कांहीं शेंकडेच अक्षरें वाचतां येतात. म्हणून एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळवून सर्व पोथी सांधावी लागते. ह्या भुंगेऱ्याची पोथी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १५,८८१ अक्षरें व ३७ जनुकें आहेत. मनुष्याची अशीच पोथी १९८१ सालीं वाचली गेली. तींत अक्षरें १६,५६९, पण जनुकें तींच ३७!

ह्या श्रमांचा उपयोग काय? ट्रायबोलियम कन्फ्यूजम नांवाचा दुसरा भुंगेरा ह्याच्यासारखाच दिसतो. प्रौढ किड्यांच्या मिशा पाहून भेद कळतो. अंडीं व अळ्या ओळखणें मात्र फार कठीण. परंतु तांबडा भुंगेरा उबेंत उडूं शकतो, दुसरा उडत नाहीं. तेव्हां कोठारांतील धान्य राखणाऱ्यास शत्रु कोणता, हें कळणें अगत्याचें. पोथींतील एका जनुकाचा तुकडा वाचला, तर अळीचीही जात ओळखतां येते.

तथापि एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. ही पोथी मातेच्या कुळाचीच साक्ष देते, पित्याविषयीं मौन धरिते. संपूर्ण वृत्तांतासाठीं पेशीकेंद्रांतील विस्तृत ग्रंथ वाचावा लागतो. ह्या भुंगेऱ्याचा तोही २००८ सालीं प्रसिद्ध झाला. एका साक्षीदारावरून निकाल देऊं नये, हा धडा प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी पडेल. आणि सृष्टींत क्षुद्र म्हणून दुर्लक्षावें असें कांहींच नाहीं, हा दुसरा.