पापड पांढरा का दिसला नाही?

तायांनो, भीमथडी जत्रेच्या पत्रकासाठी फोटो काढताना चाकणजवळच्या आमच्या गटाची फजिती झाली. पांढऱ्या कापडावर मांडलेले उडदाचे पापड फोटोत राखाडी, जुनाट दिसले. कारळ्याची चटणी उलट फिकट. असा पापड गिऱ्हाईक घेईल का? माल ताजाच होता हो, घोळ फ्लॅशचा होता.

फ्लॅश ऑटोवर असला की समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की आपणहून थांबतो. पांढऱ्या पापडावरून उजेड भरपूर परततो, म्हणून तो लवकरच थांबतो. कारळ्यावरून कमी येतो, मग जास्त ओततो. त्याच्या लेखी सगळा माल राखाडीच!

अशा वेळी मॅन्युअल लावा. मग ताकद आपण ठरवायची. कॅमेराही ‘एम’वर ठेवा: आयएसओ 100, शटर 1/125, अ‍ॅपर्चर 8. फ्लॅश 1/16 वर ठेवून एक फोटो काढून बघा. काळपट आला तर 1/8, फार उजळ आला तर 1/32. एकदा जमलं की बटणं हलवू नका आणि जागाही सोडू नका. फ्लॅश कुठे, माल कुठे, खडूने खूण करा. अंतर दुप्पट झालं तर उजेड निम्मा नाही, चौथाईच पोचतो. आम्ही इथेच चुकलो होतो.

हळदीकुंकवाला, बैठकीला मात्र ऑटोच बरा. बायका एका जागी थोड्याच बसतात!

पाकिटावर चमक आली तर मोड बदलत बसू नका, पाकीट जरा तिरकं करा.