चौकशी नको, विचारपूस हवी



बचत, हप्ता, हिशोब हे आपण वहीत लिहून शिकतो. आजचा धडा वहीत मावणारा नाही. पण तो शिकलो नाही, तर गटातली एखादी ताई आपल्या हातून निसटते. आमच्या गटात तसं होता होता राहिलं. त्या ताईचं नाव मी लिहीत नाही. हा मजकूर आधी तिला वाचून दाखवला आणि तिनं हो म्हटल्यावरच छापायला दिला.

तिच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर कुणी फिरकलं नाही. ती बैठकीला उशिरा यायची, दाराशी बसायची, मधेच उठून जायची. पुढे यायचीच बंद झाली. बचत मात्र लेकीच्या हाती वेळेवर पाठवायची. आम्ही तिला विचारलं नाही असं नाही. "का येत नाहीस? किती दिवस असं चालायचं? तुझ्यासाठी नियम वेगळा का?" ती गप्प. मग आम्ही दंड लावला. मी गटाची सचिव, माझ्याच हातानं तो दंड वहीत लिहिला.

एकदा ती आली होती आणि बाहेर मोटारसायकल थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला, हात थरथरायला लागले आणि ती मागच्या दारानं निघून गेली. "नाटकं करते," कुणीतरी म्हणालं. मीही काही बोलले नाही.

आमच्या सीआरपी ताईंनी तिला जिल्हा रुग्णालयात समुपदेशक बाईंकडे न्यायचं ठरवलं. सोबत मी गेले. "ही पण आत येऊ दे," ती म्हणाली, म्हणून मी आत बसले. मला वाटलं, बाई आता विचारणार, 'त्या दिवशी काय झालं ते सांगा.' पण त्यांनी आधी विचारलं, "कुठं बसायला बरं वाटेल? दार उघडं ठेवू की लावू?" मग म्हणाल्या, "आज जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. नको वाटलं तर नुसता हात वर करा, आपण थांबू."

"हात का कापतात?" असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तसं व्हायला लागलं की अंगात आधी कुठं कळतं? आणि कशानं थोडं बरं वाटतं?" ती बराच वेळ गप्प होती. बाईंनी घाई केली नाही. मग ती म्हणाली, "छातीत धस्स होतं. मग मी दाराकडं बघते. दार दिसलं की जरा बरं वाटतं."

"म्हणजे दाराशी बसून तुम्ही स्वतःला सांभाळत होता," बाई म्हणाल्या. तेव्हा ती रडली. वसुलीची माणसं मोटारसायकलवर यायची, नवरा असताना आणि तो गेल्यावरही, हे आम्हाला त्यानंतर कळलं. दोन वर्षं आम्ही एका गटात होतो आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मनाला आणि अंगाला काय होतं?

मोठा धोका समोर आला की शरीर आपल्याला न विचारता तीनपैकी एक काहीतरी करतं. लढतं, पळतं, नाहीतर गोठून जातं. हे जीव वाचवण्यासाठीच असतं. धोका टळल्यावर बहुतेकांचं अंग हळूहळू निवळतं. काहींचं मात्र निवळत नाही. एखादा आवाज, वास, जागा पुरते आणि अंगाला वाटतं, पुन्हा तेच आलं. अपघात, पूर, मारहाण, बळजबरी, घरातला अचानक मृत्यू, कशानंही असं होऊ शकतं. हे नाटक नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे.

म्हणून समुपदेशक "तुझं काय बिघडलंय?" असं बघत नाही. "तुझ्यावर काय ओढवलं आणि तू त्यातून कशी तगलीस?" हे आस्थेनं समजून घेते. चौकशी आपल्याला कळावं म्हणून असते. विचारपूस तिला बरं वाटावं म्हणून असते.

आपण काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यात सांगितलेल्या तीन गोष्टी आपल्यालाही जमतील: पाहा, ऐका, जोडून द्या.

*पाहा.* कोण गप्प झाली, कोण दचकते, कोणाचं जेवण-झोप सुटली. ती आत्ता सुरक्षित आहे का?

*ऐका.* एकटीला, निवांत जागी. सगळं सांग म्हणून मागे लागू नका. जबरदस्तीनं बोलायला लावलं तर जखम पुन्हा उघडते. ऐकलेलं पाणवठ्यावर नेऊ नका.

*जोडून द्या.* डॉक्टर, समुपदेशक, कायद्याची मदत, रेशन, पेन्शन, जे लागेल तिथं सोबत जा.

बोलताना एवढा फरक करा:

- "तू आधी का नाही सांगितलंस?" नको. "आज सांगितलंस, बरं केलंस" म्हणा.
- "झालं ते विसर" नको. "मी इथंच आहे, घाई नाही" म्हणा.
- "माझ्या बहिणीचं तर याहून वाईट झालं" नको. नुसतं ऐका.
- "तू असं कर" नको. "तुला आत्ता कशाची गरज वाटते?" विचारा.

आपण समुपदेशक नाही, हेही ध्यानात ठेवा. महिना उलटूनही झोप लागत नसेल, भयानक स्वप्नं पडत असतील, घराबाहेर पडवत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात न्या. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112. कुणी मरणाची भाषा करत असेल, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मागा. ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नसतं.

आमच्या गटात पुढं काय झालं?

दंड रद्द करायचा ठराव घेतला. तोही माझ्याच हातानं लिहिला. दाराजवळची जागा आता तिची, तिथं दुसरी कुणी बसत नाही. ती पूर्ण बरी झाली असं नाही. मोटारसायकल आली की अजून दचकते. पण आता उठून जात नाही, शेजारणीचा हात धरते.

पुढच्या बैठकीत बोलू या

1. आपल्या गटात कोण यायची बंद झाली आहे? तिच्याकडे विचारपूस करायला कोण जाणार?
2. गैरहजेरीचा दंड लावण्याआधी घरी जाऊन भेटायचं, असा नियम करता येईल का?
3. वरचे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले का?