लायब्ररी आहे, तरी सापडत नाही

प्रश्न : उबुंटूवर एक प्रोग्रॅम सोर्सकोडपासून बिल्ड करतेय. 'कॉन्फिगर' चालवलं की 'झेडलिब सापडली नाही' म्हणून थांबतं. झेडलिब तर आहे! कंपायलर बिघडलाय का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : काळजी नको. 'कॉन्फिगर' कंपायलर आधीच तपासतं. तो चालला म्हणूनच पाळी लायब्ररीवर आली. तुमच्याकडची झेडलिब तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरती आहे. बिल्डसाठी लागणाऱ्या हेडर फाइल उबुंटू वेगळ्या पॅकेजात देतं. 'झेडलिब१जी-डेव्ह' बसवा आणि 'कॉन्फिगर' पुन्हा चालवा. तरीही अडलं, तर 'कॉन्फिग.लॉग' वाचा, खरी चूक बहुधा फाइलच्या मध्येच सापडते, शेवटी नाही. मात्र इंटरनेटवरून सुटी लायब्ररी उतरवून सिस्टिमच्या फोल्डरात कधीही टाकू नका. प्रोग्रॅम नुसता वापरायचा असेल, तर आधी उबुंटूचं तयार पॅकेज आहे का, ते पाहा.