दरड कोठवर पोहोचेल? : संगणकाचा हिशेब

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे तेच घडले. अशा घटनांना 'दैवी कोप' म्हणण्याची रीत आहे. परंतु कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून कारण शोधणे व परिणाम आधी मोजणे, हाच आपला मार्ग होय.

मुसळधार पावसाने डोंगरावरील मातीत पाणी भरते, तिची पकड सुटते आणि माती, दगड, झाडे व पाणी यांचा लोंढा धावत सुटतो. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाडमध्ये हा लोंढा सुमारे ८ किलोमीटर गेला. म्हणजे दरड कोठे सुटेल एवढेच नव्हे, तर ती कोठवर पोहोचेल, हेही कळले पाहिजे.

संगणक हे कसे सांगतो? प्रथम उपग्रहचित्रांवरून जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा करून त्याच्या चौकटी पाडतात. किती माती सुटेल हे ठरवून संगणक ती क्षणाक्षणाला खालच्या चौकटींत सरकवतो. एका चौकटीतून गेले ते दुसरीत जमा झालेच पाहिजे. लोंढ्याला विरोध दोन प्रकारचा: एक त्याच्या वजनामुळे होणारे घर्षण, दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. हे सूत्र स्विस अभियंता फोल्मी यांनी १९५५ साली हिमप्रपातासाठी मांडले. स्वित्झर्लंडमधील 'रॅम्स' ही संगणक-प्रणाली त्यावरच आधारलेली आहे. लोंढ्याची खोली, वेग व शेवटचा टप्पा ती नकाशावर दाखवते.

मात्र घर्षणाचे आकडे जुन्या दरडीच्या खुणांवरून जुळवून घ्यावे लागतात. चौकट ३० मीटरची असेल तर त्याहून अरुंद ओहोळ नकाशात हरवतो. म्हणून गावातील जाणत्या माणसांची माहितीही तितकीच मोलाची.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हते. ती आदिवासींची वाडी होती. ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांना सावध कोण करणार? संगणकाचा नकाशा तयार झाला तरी तो कपाटात न राहता लोकांच्या भाषेत ग्रामपंचायतीत लागला पाहिजे.

आपल्या सिरोंचाला डोंगराची नव्हे, प्राणहिता-गोदावरीच्या पुराची भीती. जुलै २०२२ चा पूर आपण विसरलेलो नाही. पुराचे पाणी कोणत्या घरापर्यंत चढेल, हेही अशाच चौकटींच्या गणिताने काढता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या पूरनियंत्रण योजनेचा पाया घातला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. भूगोल, गणित व संगणक हे विषय केवळ नोकरीसाठी नाहीत. आपल्या वस्तीचा नकाशा आपणच वाचायला शिकू या, आणि त्यात आपले घर कोठे आहे, हे अधिकाऱ्यांना विचारू या.

जय भीम!