कळतं, पण वळत का नाही?

नारायणगुडा महिला सत्संग गटाकडून या आठवड्याचा पाठ.

आपली मतं घरात ऐकून, मोठ्यांना पाहून आणि स्वतःच्या अनुभवातून बनतात. पण मत बनलं की वागणं बदलतंच, असं नाही.

न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर मात्र वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. मत खोटं नव्हतं, घरचा दबाव जड ठरला. पुढे घरच्या बायकांचा विरोध असूनही त्यांनी रमाबाईंना शिकवलं. त्याच रमाबाईंनी पुण्याचं सेवासदन उभं केलं.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. मुरूड गावाने बहिष्कार घातला, तरी ते डगमगले नाहीत.

आपणही 'सून म्हणजे लेकच' म्हणतो. ती नोकरीवरून दमून आली की चहा कोण ठेवतं?

मोघम मत वागण्यात उतरत नाही. म्हणून या आठवड्यात एकच कृती ठरवा, तिची वेळ ठरवा आणि घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मागे फिरणं होणार नाही. काय जमलं, काय अडलं, ते रविवारच्या सत्संगात बोलूया. 🌹