आयर्विनला किती फूट?

चि. बाळास,



सूनबाईची नेमणूक मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. फार बरं वाटलं. साताऱ्यातले शिकवणीचे वर्ग आवरून तूही तिच्याबरोबर येतोयस, हे ऐकून त्याहून बरं वाटलं. आपल्या घरात आजवर नवऱ्याच्या नोकरीमागे बिऱ्हाड हलवायचं काम बायकांकडेच होतं. आत्याही तशीच सांगलीला आली. बायकोच्या नोकरीसाठी गाव सोडणारा तू घरातला पहिलाच.

घर मिरजेत बघू की सांगलीत, आणि भाडं किती पडेल, एवढंच तू विचारलंस. भाड्याचं मागाहून बघू. आधी पाण्याचं बोलू.

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला नदीची धास्ती ठाऊक नसते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं गाव ते, कितीही कोसळला तरी पाऊस खाली निघून जातो. कासच्या तलावाचं पाणीही उताराच्याच जोरावर शहरात येतं. तिथे घर बघताना लोक विचारतात, नळाला पाणी किती वाजता येतं? सांगलीत विचारावं लागतं, दाराला पाणी किती फुटाला लागतं?

हे फूट मोजतात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. पूल १९२९ चा, संस्थानी काळातला. ४० फूट झाले की इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात दूधवाला, रिक्षावाला, भाजीवाली सगळ्यांच्या तोंडी एकच, 'आयर्विनला किती फूट झालं?' पण सरकारी आकडे दोन असले तरी प्रत्येक गल्लीचा आकडा निराळा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची सखल बाजू इथे पाणी आधी शिरतं. मग सांगलवाडी, हरिपूर रोड, मारुती चौक, गावभाग. जुना रहिवासी हे सगळं तोंडपाठ सांगतो, 'रस्त्यावर पंचेचाळीसला, उंबऱ्याला सत्तेचाळीसला.' ज्या घरमालकाला स्वतःच्या घराचा आकडा सांगता येत नाही, त्याच्याकडे पुढचं काही बोलायला बसू नकोस.

२००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माणसं म्हणाली, एवढा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं. त्यातून बाजारपेठ सावरतेय तोच जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ ओलांडलं. हा पूर सांगलीच्या पावसाचा नसतो, हे नीट समजून घे. तो तुमच्या सातारा जिल्ह्यातून येतो. महाबळेश्वर, कोयनानगर, नवजा इकडे पाऊस लागतो, १०५ टीएमसीचं कोयना धरण भरत येतं, विसर्ग वाढवतात, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेत मिसळते आणि ते पाणी सांगलीकडे येतं. इथे हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणाही तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. त्यामुळे सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी चढताना दिसतं. खिडकीबाहेर पाऊस नाही म्हणून निवांत राहणं ही साताऱ्याची सवय झाली. ती इथे चालत नाही.

'इथे कधीच पाणी आलेलं नाही' या आश्वासनाचं काय करायचं, ते हरिपूरच्या पेवांवरून कळेल. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून व्यापारी हळद वर्षानुवर्षं साठवत. माती इतकी भरवशाची की हळदीला ओल लागत नसे, कीडही नाही. २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं आणि हळदीची नासाडी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, तरी तो त्या एका वर्षी उपयोगी पडला नाही.

घर दाखवायला एजंट नेईल तेव्हा हॉलची फरशी आणि नवा रंग बघत बसू नकोस. जिन्याखाली जा. विजेचा मीटर छातीच्या उंचीवर आहे की डोक्याच्याही वर नेऊन बसवलाय? वर नेला असेल तर का नेला, ते विचार. भिंतीला कमरेपर्यंत पोपडे आणि त्यावर सरळ रेषेत कोरडा गिलावा असेल तर ती साधी ओल नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या प्लायवूडच्या दारांना खालून हात लाव. भिजून वाळलेलं प्लायवूड कडेला सुटतं, फुगतं, बोटाला लगेच कळतं. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे जाऊन पावशेर शेंगदाणे घे आणि सहज विचार, '२०१९ ला माल कुठे हलवला होता?' एजंटापेक्षा त्याचं उत्तर खरं असेल.

वरचा मजला घेतला की प्रश्न मिटला, असं एक गणित बरेच जण मांडतात. ते चुकीचं आहे. पाणी इमारतीभोवती आलं की वीज बंद करतात. लिफ्ट थांबते, पंप थांबतो, टाकीतलं पाणी संपतं. २०१९ मध्ये असे कितीतरी लोक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर कोरडे राहूनही अडकून पडले. दूध आणि औषधं बोटीतून यायची. सूनबाई डॉक्टर. नेमक्या त्याच दिवसांत तिला रुग्णालयात हजर राहावं लागणार. घरातून बाहेर पडता न येणारा डॉक्टर रोग्यांच्या काय कामाचा?

नदीपासून लांब असलं म्हणजे झालं, असंही नाही. सांगलीची जमीन काळी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साताऱ्याच्या मुरमावर उभ्या घराला जे भोगावं लागत नाही ते इथल्या घराला लागतं. आवाराच्या भिंतीला तिरक्या चिरा, दार उघडताना चौकट घासणं ही त्याची लक्षणं. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी न येताही पावसाचं पाणी मोकळ्या प्लॉटांत साचून राहतं, आणि तिथल्या लोकांची ती वर्षानुवर्षांची तक्रार आहे. स्वस्त घराचं भाडं ऐकून भुरळ पडेल, तेव्हा हे आठव.

आता गाव कुठलं. सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ पासून महापालिका एकच असली तरी गावं अजून वेगळीच आहेत. मिरजेत घर घेतलं तर सूनबाईला रात्रपाळी सोयीची. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव कुठेही जाता येतं. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे मिशन रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून हे गाव रुग्णांचं आणि डॉक्टरांचं. तंबोरे बनवणाऱ्यांचंही. तरी आत्याचा कौल विश्रामबाग ते वानलेसवाडी या पट्ट्याला आहे. सूनबाईच्या महाविद्यालयाचं काम एकट्या मिरजेत नसतं. सांगलीचं सिव्हिलही त्यालाच जोडलेलं. ड्युटी आज इथे, उद्या तिथे. मधोमध राहिलं की दोन्ही गाठता येतात, आणि हा भाग कृष्णेपासून उंचावर आहे.

दुसरं कारण तू. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं. आजूबाजूला शिकणारी पोरं आणि शिकवणारी माणसं. गणिताच्या शिकवणीला मुलं सायकलवरून येतील अशी जागा तुला हवी. पुढची खोली वेगळ्या दाराची असली तर उत्तम. घरमालकाला शिकवणीचं आधीच सांग; 'फॅमिलीला' म्हणून घर घेऊन मागाहून बाकं टाकलीस तर कटकट होईल. या मुद्द्यावर तू स्वतःहून बोलणार नाहीस म्हणून मुद्दाम लिहिलं. जोडीदाराच्या नोकरीमागे आलेला माणूस घर निवडताना स्वतःची गरज शेवटी मांडतो, बहुतेकदा मांडतच नाही, आणि सहा महिन्यांनी घरात चिडचिड सुरू होते. कारण मात्र दोघांनाही सांगता येत नाही.

याच बाबतीत सांगली जिल्ह्यातलंच किर्लोस्करवाडीचं उदाहरण बघ. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला. साल १९१०. निवडुंग आणि साप. कामगारांची कुटुंबं तिथे राहायला आली ती घरधन्याच्या नोकरीमागे. वाडी टिकली, कारण कारखान्याबरोबर राहण्याची घरंही उभी राहिली, मागोमाग शाळा आली, आणि पुढे तिथूनच मासिकं निघू लागली. १९२० ला 'किर्लोस्कर खबर', १९३० ला 'स्त्री'. नोकरी नसलेल्या माणसांनाही त्या माळावर करण्यासारखं, वाचण्यासारखं काही मिळालं. शंकरराव किर्लोस्करांच्या या मासिकांच्या कामाबद्दल आत्याला यंत्रांपेक्षाही जास्त आदर आहे.

वहिनी बरोबर येणार असेल तर तिच्या गुडघ्यांसाठी पहिला मजला, त्याहून वर नको. आणि सगळ्यात वरचा तर नकोच. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅब रात्रीही तापलेला असतो. साताऱ्याच्या हवेची सवय असलेल्या माणसाला पहिला उन्हाळा जड जातो. पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा शेजारची इमारत असावी.

करार ११ महिन्यांचा कर, पण तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवर नको, नोंदणीकृत कर. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. गॅस, शाळाप्रवेश सगळीकडे तोच कागद मागतात.

विकत मात्र यंदा काही घेऊ नकोस. एक पूर्ण पावसाळा भाड्याने काढ. मग घ्यायचंच ठरलं तर पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आतलं घर फुकट मिळालं तरी नको. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला, फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराचा नंबर. यातलं एक जरी 'येणार आहे' असं म्हणाले, तर ते आल्यावर बोलू असं सांगून उठायचं.

पुढच्या शनिवारी कोयना एक्सप्रेसने दोघंही या, वहिनीला घेऊन या. मुक्काम इकडेच. रविवारी सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी विश्रामबागेतली तीन घरं बघू, आत्याने मालकांना सांगून ठेवलंय. सूनबाईची शनिवारी ड्युटी लागली तर एकटा येऊन घर पक्कं करू नकोस, पुढचा आठवडा धरू.

तुझी,
आत्या